फिरवणाऱ्यावर वजन नको

खांबेटे बाईंच्या गच्चीवर तीस फुटी टॉवर.
आडनावाला शोभतो, असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत.
हवामान खात्यात छत्तीस वर्षं काढलेली बाई.

तक्रार अशी : अँटेना जपानकडे वळवली की अडकते.
युरोपला जाते, आफ्रिकेला जाते,
ईशान्येला आली की रोटर कण्हतो,
आणि गच्चीवरच्या खोलीतली सुई
थरथरत उभी राहते.

कमरेला पट्टा बांधून वर गेलो.
तळजाईवर मोर ओरडत होता.
दोन इंची पाइप, त्यावर आडव्या नळ्यांची भलीमोठी फणी,
आणि सगळं ओझं बिचाऱ्या रोटरच्या डोक्यावर.
टॉवरच्या माथ्याला नुसतं भोक,
भोकात रबरी नळी कापून कोंबलेली.
"कुणी केलं हे?"
"मीच," खालून आवाज आला, "अठ्ठ्याण्णव साली."

बाई, फिरवणाऱ्यावर वजन टाकू नये.
त्यानं फक्त फिरवावं.
पेलायला दुसरं कुणीतरी लागतं.

रविवारी जुन्या बाजारात गेलो.
गोणपाटावर पाने, ट्रकचे आरसे, पायटा नसलेलं शिवणयंत्र,
त्यांत एक थ्रस्ट बेअरिंग,
ग्रीस सुकून काकवीसारखं झालेलं.
रात्रभर रॉकेलमध्ये बुडवलं.
सकाळी बोटानं फिरवलं तर थांबेचना.
भोसरीच्या शेडमध्ये लेथवर त्याला घर कापलं,
वर पावसासाठी टोपी, खाली पाण्याला वाट.

बसवताना बाई म्हणाल्या, "आत्तार, आवळा आता."
म्हटलं, थांबा.
आधी सगळे नट ढिले.
मग एक पूर्ण फेरी, सावकाश.
पाइप या कडेला टेकतो, त्या कडेला टेकतो, कुरकुरतो,
शेवटी आपला मध्य आपणच शोधतो.
ओळंबा सोडून पाहिला.
मग समोरासमोरचे नट, पाव पाव आटा.

हे मला लेथनं शिकवलेलं नाही.
शमशादला अंथरुणाला खिळून दोन वर्षं झाली.
दर दोन तासांनी कूस बदलावी लागते.
पहिले काही महिने मीच उचलायचो, मीच वळवायचो,
आणि दोघांनाही लागायचं.
मग मुलीनं चादरीची कड धरली.
ती पेलते. मी फक्त वळवतो,
आणि अंग सैल पडेपर्यंत थांबतो.

बाईंनी खोलीतून बटण दाबलं.
फणी उत्तरेवरून निघाली.
मी वरच, गाल पाइपला लावून.
ईशान्य आली.
काहीच ऐकू आलं नाही.
ईशान्य गेली.
परत आली, थांबली.

खिडकीतून खरखर, मग फार लांबून
कुणीतरी आपलं नाव अक्षर अक्षर सुटं करून सांगू लागलं.
बाई तितक्याच सावकाश विचारत होत्या,
तुमच्याकडे वारा कसा आहे?

पैसे उद्या घेतो म्हटलं.
चारच्या आत घरी पोचायचं होतं.
स्वारगेटला सिग्नल लाल.
मागच्या डब्यात पाने खुळखुळत होते.
आत्ता तिचं तोंड भिंतीकडे असेल.