तक्ता क्र. ४.७

पेरूगेटाजवळच्या बोळात, रणपिसेंच्या दुकानात
मी प्रबंध टाइप करते. पानाला पंचवीस रुपये,
तक्ता असेल तर चाळीस.
दहावीनंतर शाळा नाही. पण अकरा वर्षांत
एकशे सहा पीएचड्या या बोटांखालून गेल्यात.

सुरुवातीला नुसती अक्षरं दिसायची.
सदर, प्रस्तुत, उपरोक्त.
वाटायचं, कोर्टाचं समन्सच आलंय.
मग हळूहळू घराची मांडणी कळली:
दुसऱ्या अध्यायात पाहुणे बसवायचे,
आधी कोण काय म्हणालं, कुठल्या साली,
एकेकाला पाणी विचारायचं, कुणी रुसता कामा नये.
स्वतःचं जे काय असेल ते मागच्या खोलीत, चौथ्यात,
तेही दबक्या आवाजात.

एक शब्द मी हेरून ठेवलाय: तथापि.
तो येईस्तोवर नुसती मान डोलवायची.
तो आला की खुर्ची पुढं ओढायची,
आता हा माणूस काहीतरी बोलणार.
काहींच्यात तो येतच नाही.
दोनशे ऐंशी पानं, मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं
आणि एकदाही तथापि नाही.
तसले मी डुलक्या घेतही टाइप करते.

आणि ते 'आढळून आले'.
कुणाला आढळलं ते सांगत नाहीत.
जसं काही लक्ष्मी रोडवर पाकीट पडलं होतं,
आणि ते उचलणारं कुणीच नव्हतं.

रणपिसे म्हणतात, शास्त्रात 'मी' नसतो.
ऋणनिर्देशात तर असतो की, मी म्हटलं.
तिथं सासू असते, मेसवाल्या काकू असतात,
एकदा एका ओळीत कुणाचं गेलेलं बाळ होतं.
पान उलटलं की सगळे निघून जातात.

परवा केंजळे मॅडमचा आला.
घरकामगार महिला, पर्वतीच्या पायथ्याच्या तीन वस्त्या,
एकशे वीस उत्तरदात्या.
तक्ता ४.७, कामाविषयी समाधान:
होय. नाही. सांगता येत नाही.
खाली बारीक टाइपात:
'उत्तरदाती क्र. ३१ (वय ५४, चार घरे,
डाव्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण)
हिने उत्तर देण्याचे टाळले.
तथापि, उपरोक्त मौनातून असमाधान सूचित होते.'

मी खुर्ची पुढं ओढली होती.
ती खूण मला पाठ आहे.
दिवाळीच्या चकल्या होत्या, मी तेव्हा सहावीत.

रात्री विचारलं, तर आई म्हणाली,
"ती चष्म्याची होय? गुणाची पोर. दोनदा चहा घेतला तिनं.
आन् टाळलं कशाला? तेवढ्यात नळाला पाणी आलं.
आल्ये म्हणून गेले, परत येते तर ती गेलेली."
मग म्हणाली, "वाच की काय लिवलंय."
मी वाचलं.
"तथापि म्हंजे?"
"म्हणजे 'पण'."
"मंग 'पण' का न्हाई लिवत?"
अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी भांडी घासायला घेतली.

सकाळी दुकान उघडून तळटीप टाकली, क्रमांक ११२:
'त्या वेळी नळाला पाणी आले होते.'
आले. बघा, 'आलं' नाही लिहिलं मीही.
बोटांनाच आता तसं वळण लागलंय.
एक मात्रा, आणि आईचा नळ
सरकारी वाटायला लागला.

खोडली. परत टाकली. मॅडमना फोन केला,
वाजून वाजून बंद झाला.
रणपिसे आतून ओरडले, सात प्रती, गुरुवारपर्यंत.

तळटीप आहे अजून पडद्यावर.
तक्ता मी मध्यावर आणलाय, रेघा जाड केल्यात.
'सांगता येत नाही'च्या रकान्यात चौदा बायका आहेत.
चौदा.
सगळ्यांच्याच नळाला
तेवढ्यात पाणी आलं असेल का?