चिमूट

प्रकल्पाचा तक्ता आला तेव्हा
मी सातवीला खाऱ्या वाऱ्यांबद्दल सांगत होतो.
रकाने चार: पदार्थ, साहित्य, प्रमाण,
आणि शेवटी 'हा वारसा कुणाकडून मिळाला'.
पलीकडे पोर्तुगालच्या किनाऱ्यावरची एक शाळा,
अलीकडे आम्ही, करावे गावातली पालिकेची,
जिच्या मागच्या भिंतीवर दुपारनंतर
सीवूड्सच्या टॉवरची सावली येऊन बसते.

आमच्या साडेतीनला त्यांची सकाळ होई.
पहिल्याच दिवशी इनेस नावाच्या मुलीने
टोपलीतून काहीतरी उचललं,
पडद्याला लावलं आणि म्हणाली, पांव.
अख्खा वर्ग ओरडला, पाव!
मग दोन मिनिटं कुणालाच काही सुचेना,
नुसते हसत होतो,
जसं लग्नात लांबचा चुलता भेटला की
आधी तोंड ओळखू येतं, नातं मागाहून.

मानसी तांडेलने जवळ्याची चटणी लिहिली.
साहित्याच्या दहा ओळी,
प्रमाणात एकच शब्द: अदमासे.
ह्याचं भाषांतर करताना माझा रविवार गेला.

करण आडेचा तक्ता कोरा आला.
"आमचं इथलं काही नाही, सर.
बाबा सेंट्रिंगला. साइट बदलली की चूल बदलते."
मी म्हटलं, उद्या दे.
दुसरं काय म्हणणार होतो.

जानेवारीत पार्सल आलं,
कुणीतरी वाटेत फोडून पुन्हा चिकटवलेलं.
आत कापडाची पुरचुंडी, तिच्यात मीठ,
त्यांच्या गावच्या आगरातलं,
आणि चिठ्ठी: तुमच्याकडचंही पाठवा.

आमच्याकडचं.
खिडकीतून दिसत होता सेक्टर,
सम-विषम पार्किंगचा फलक,
कोपऱ्यावरच्या दुकानात किलोची पिशवी, तीही गुजरातची.
आडनावांत, भांडणांत, हळदीच्या गाण्यांत
आगरी उरले होते. आगर नव्हतं.

पदीबाय खिचडीचं पातेलं उतरवून वर आल्या.
अकरा वर्षं पोषण आहार शिजवतात.
पदराला हात पुसून एक खडा जिभेवर ठेवला,
डोळे मिटले.
"वरचा हाय यो. पयल्या थराचा.
माजा बापूस यो थर मालकासाठी येगला काढी.
आमाला खालचा, चिखलातला."
मग जरा थांबून,
"तिकरं पन मालक व्हते काय, इचार त्यांना."

विचारलं.
तेरेझा बाईंनी बराच वेळ माइक बंद ठेवला.
मग म्हणाल्या, होते.

पुढच्या आठवड्यात करणने तक्ता परत दिला.
आईला विचारलं म्हणे. ती भांडी घासत होती,
हात न थांबवता म्हणाली,
आपले म्हातारे बैलांच्या पाठीवर मीठ लादून
घाट चढायचे, गावोगाव विकायचे,
उगाच नाही लमाण म्हणत.
पदार्थाचा रकाना अजूनही कोराच होता.
शेवटच्या रकान्यात, वारसा कुणाकडून,
त्याने लिहिलं होतं: बैलांकडून.
मी लाल पेन उघडलं
आणि तसंच बंद केलं.

शेवटच्या कॉलला त्यांना ग्रॅम हवे होते.
दोन्हीकडे प्रयोगशाळेतले तराजू निघाले.
मानसीची चिमूट, इनेसची, करणची,
तेरेझा बाईंची, नखं रंगवलेली,
पदीबायची, चटके खाऊन टणक झालेल्या बोटांची,
पोरांच्या दीडपट.
एक आकडा दुसऱ्याशी जुळेना.
तेरेझा बाई म्हणाल्या, सरासरी काढू.
मी मराठीत सांगितलं तेव्हा
पदीबाय पडद्याकडेच बघून म्हणाल्या,
"सरासरी कोन जेवनार?"
हे भाषांतर मात्र लगेच जमलं.

तक्ता तसाच पाठवला.
मीठ: एक चिमूट.
कुणाची, ते लिहावे.