फिल्स संपेपर्यंत

जुफैरच्या हॉटेलात, गुरुवारी, दुसऱ्या सेटला
मी फेर्मिनबाबच्या जुन्या सॅक्सोफोनवर मराठी बसवते.
तो गेला, टेप राहिली.
सुरामागे एक अक्षर. वर एकही चालत नाही.
रोदेल बासच्या तारा लावत विचारतो,
आज काय भरलंयस?

भरायचं कसं, ते आईकडून घेतलं.
मनामाच्या पोस्टाबाहेर फोनचं तापलेलं खोकं,
पाचशे फिल्सचं कार्ड,
त्यात देवरुखच्या मावशीचे गुडघे, माझे पडलेले दात,
कुळथाचं पीठ पोचलं का,
आणि 'ह्यांचा पगार तीन महिने नाही'
हे एकदम चौगुणीत,
कळू नये इतक्या लयीत.
मग 'बरं, ठेव—'
'ठेवते' तिला कधी पुरलं नाही.

सोलोत एका जागी तो श्वास घेतो.
टेपवर ऐकू येतो. ओला, दमलेला.
तिथे कितीतरी शब्द घालून पाहिले,
बसेनात.

आता तिथे मी नुसती उभी राहते,
कार्ड संपल्यावरही
आई रिसीव्हर धरून राहायची तशी.
बर्फ ग्लासात सरकतो.
पुढच्या टेबलाला वाटतं,
पोरगी ओळ विसरली.