साडेअकरा क्विंटल शांतता

कापूस घरात आला की आमच्या मधल्या खोलीला
ऐकू येईनासं होतं.
दारातून मारलेली हाक
आत जाऊन बसते, परत येत नाही.
माय ओरडते, "ओ त दे व, पोट्टे!"
आणि मी ओ दिलेली असते केव्हाचीच.

तिथंच लावला मोबाईल, लोणच्याच्या बरणीला टेकवून.
आर्णीच्या बाजारातला दीडशेचा माईक,
त्यावर चंदाचा जुना पायमोजा,
म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत.
आढ्याला कापूस टेकलेला.
मांडीपर्यंत रुतून गायले.
कापसात उभं राहिलं की अंगाला खाज सुटते.
दुसऱ्या कडव्याआधी जो थांबा आहे,
ज्याला बाल्या "वा, काय जागा घेतली" म्हणतो,
तिथं मी मान खाजवली होती.

नऊ कंपन्यांचे नऊ फॉर्म.
कलाकाराचं स्टेजवरचं नाव?
स्टेजवर एकदाच गेले, शारदेच्या मंडपात,
माईकवरून पुकारलं, "करुणा ढोले".
मी ढोके.
तुमचं गाणं कोणासारखं वाटतं?
लिहिलं, माझ्या वणीच्या आत्यासारखं.
लाल अक्षरं आली: यादीतून निवडा.

फाईल एक्केचाळीस एमबीची.
रेंज पाण्याच्या टाकीवर, सातव्या पायरीला.
आठवीवर आणखी चांगली असेल,
पण तिथं आग्यामोहोळ आहे.
त्र्याण्णव टक्क्यांवर नेट संपलं,
मग बाल्याचा हॉटस्पॉट, मग त्याचंही संपलं,
मग आम्ही दोघं खाली उतरलो
आणि त्याच्या ढोलकीबद्दल भांडलो,
ती मोठी वाजली की माझा आवाज बारीक, यावर.

"आपले गाणे मिळाले.
सहा आठवड्यांत उत्तर न आल्यास
नकार समजावा."
हे समजायला मला वेळ लागला नाही.
दोन पाहुणे चंदाला पाहून गेले आहेत, याच पद्धतीनं.

उत्तर आलं सातवीचं. खरं, माणसानं लिहिलेलं,
खाली नाव: तन्वी.
"आवाज ठीक. पण रूम!
इतकी कोरडी, इतकी जवळची. स्टुडिओ कोणता?
तिथंच आणखी दोन गाणी करा,
पंधरा तारखेच्या आत पाठवा."

टाकीवरून कशी उतरले, आठवत नाही.
घरासमोर टेम्पो उभा.
भाव दोनशेनं चढला होता,
आणि चार माणसं माझा स्टुडिओ
चादरींच्या गाठोड्यांत बांधून बाहेर आणत होती.
बापू खुशीत. केसांत कापूस.
"करुणे, आता तुले चांगला माईक घेऊन देतो,
हजार-दोन हजाराचा."
काय बोलणार?
म्हटलं, बरं.

रात्री रिकाम्या खोलीत एक 'सा' लावला.
चार आले परत.
गोधड्या टांगल्या, तुरीची पोती रचली,
कुसुमकाकूची गादी मागून आणली,
चंदाला कोपऱ्यात उभी केली रग पांघरून.
ऐकलं, तर वाटलं
कुणी बाई विहिरीत पडून
फार सुरात मदत मागते आहे.
चंदा हसली. मग मीही.
मग मी नाही.

तन्वीला काय कळवू?
स्टुडिओ: मधली खोली.
साउंडप्रूफिंग: साडेअकरा क्विंटल, पहिल्या वेचणीचा.
सध्या उपलब्ध नाही.
टाईप केलं. पुसलं.

आज अकरा तारीख.
खुशालकाकानं अजून विकला नाही,
त्याला वाटतं अजून चढेल.
त्याची खोली आमच्यापेक्षा लहान,
पण खिडकी नाही, म्हणजे चांगलीच.
दिवेलागणीला गेले, बाल्याला घेऊन,
ढोलकी बाहेर ओट्यावर ठेवली.
"काका, चौदापर्यंत थांबता काय?"
त्यानं चष्मा काढला, पुसला, माझ्याकडे पाहिलं.
"काहून व? भाव चढते का?"
म्हटलं,
"सांगता येत नाही."