थांबा: वीस मिनिटं

भाचीने सत्तरीला मला एक आख्खा दिवस भेट दिला:
एडिंबराहून सकाळी साडेआठ, परत साडेपाच,
एक गाडी, एक वाटाड्या, प्रवासी मी एकटी.
नऊ तास कुणीतरी फक्त माझ्याशी बोलणार,
हे लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

ग्रेगर त्याचं नाव. तांबूस दाढी, गुडघ्याला पट्टा,
आणि माहिती अशी की विचारू नका.
लाल पुलाला रंग किती लागतो,
वळल्या शिंगांच्या मेंढ्या कुणाच्या,
कुठल्या सरदाराने कुठल्या पाहुण्याला जेवता जेवता मारलं
(उष्ट्या हाताने, ही भर माझी).
मी मान हलवत होते.
आपलं मान हलवणं त्याला होकार वाटे की नकार, देव जाणे.
मध्ये त्याच्या थर्मासमधला चहा,
माझ्या डब्यातली पोळी आणि शेंगदाण्याची चटणी.
डोळ्यांतून पाणी आलं तरी
"लव्हली" म्हणाला. माणूस चांगला.

मग दुपारी धरण.

कागदावर छापलं होतं: लॉख. थांबा वीस मिनिटं. फोटोसाठी उत्तम.
पाणी काळं, काढ्यासारखं,
त्यात डोंगर उलटे टांगलेले,
भिंत करडी, शेवाळलेली,
आणि तिच्या पोटात कसलीशी घरघर.
ग्रेगर एकदम ताठ उभा राहिला,
शाळेत झेंड्यापुढे राहतात तसा.
"इथला बोगदा माझ्या आजोबांनी खोदला.
दोन बोटं या डोंगरात ठेवून आले.
पहिला दिवा लागला तेव्हा
पलीकडच्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्या रडल्या."
मग मेगावॅट सांगितले. भिंतीची उंची. सिमेंटची पोती.

मी विचारलं, घरं किती?

"कुठली घरं?"

खालची.

तो थांबला. सकाळपासून पहिल्यांदाच
त्याच्याकडे आकडा नव्हता.

माझ्याकडे होता. सांगितला नाही.
कोयनेच्या पाण्याखाली आमची एकोणचाळीस.
मी सात वर्षांची, ट्रकमध्ये
जात्याच्या तळीवर बसवलेली,
पायाशी बांधलेल्या कोंबड्या,
आई उंबऱ्याला हळदकुंकू लावून आलेली,
आणि वडील दारात उभे,
कुलूप लावू की नको याचा विचार करत.
लावलं शेवटी.
किल्ली पुढे रायगडातल्या पत्र्याच्या शेडमध्ये
खिळ्याला होती. कितीतरी वर्षं.

पोस्टात एकतीस वर्षं काढली मी.
हजारो गावं या बोटांखालून गेली,
पण आमचं पिनकोड यायच्या आधीच गेलेलं.
त्या नावाचं एकही पत्र
माझ्या टेबलावर कधी आलं नाही.
येणार कुठून.

वीस मिनिटं झाली.
फोटो त्याने काढला माझा.
"स्माइल" म्हणाला नाही.

परतीला अर्धा तास गप्प.
मग एका पेट्रोलपंपावर गाडी बाजूला घेतली,
बाहेर जाऊन फोनवर बोलत राहिला,
भुरभुर चालू, टोपी आत सीटवरच.
येऊन पट्टा लावता लावता म्हणाला,
"आईला विचारलं. सहा.
सहा घरं आणि एक मेंढवाडा.
तिला नावं येतात सगळ्यांची.
मी कधी विचारलीच नव्हती."

मी मनातल्या मनात
सहा कुलपं लावली.

"तुम्ही का विचारलंत?"
मग मात्र सांगितलं. मोडक्या इंग्रजीत,
ट्रक, कोंबड्या, कुलूप.
पुनर्वसन या शब्दाला मला शब्द सापडेना;
एवढा मोठा शब्द, तो मराठीतही
आमच्या घरात कुणाला लागू पडला नव्हता.

साडेपाचला हॉटेलच्या दारात
त्याने फोनवर नकाशा उघडला,
बोट उचलून वाट पाहत म्हणाला, "स्पेलिंग?"
मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं,
हे नाव इंग्रजीत मी आजवर
एकदाही लिहिलेलं नाही.
पहिलंच अक्षर, व्ही की डब्ल्यू,
तिथेच अडले.