शंभर मिलिग्रॅम

पणजीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
रोज एक, जेवणानंतर, दुधासोबत नको,
घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही,
उन्हात तर नाहीच.
मी मान हलवली.
दिवाडीच्या फेरीबोटीला छप्पर अर्धंच;
उरलेल्या अर्ध्यात मी, स्कूटरला टेकून.

सातव्या आठवड्यात हनुवटीवरचे तीन मुरूम बसले,
नाक मात्र भाजक्या बांगड्यागत.
एका रात्री घोटभर पाण्यावर भागवलं
तर गोळी छातीच्या हाडामागे
पहाटेपर्यंत निखारा.
आईनं बडीशेप दिली. विचारलं काही नाही.

"कितें गो, तोंड नितळ जालां?"
दोर सोडता सोडता आग्नेल म्हणाला.
त्याच्या गालावर माझ्याहून जास्त,
पिकलेले.
तो उन्हातच उभा, दिवसभर,
आणि त्याला असं कुणीच विचारत नव्हतं.

पाकिटात अकरा उरल्या होत्या.