पाण्याची रेघ

गावाचं नाव पेच.
आणि शाळेच्या तळघरातल्या नळाचा पेचही
क्षारांनी असा आवळलेला की पाना घसरतो.
मेचेकच्या डोंगरातून पाणी चुनखडी पिऊनच खाली उतरतं.
शिपाई बेर्तालान म्हणतो,
आमच्याकडे पाणी चावून प्यावं लागतं.

जुलै. चौथीचा वर्ग रिकामा, खुर्च्या बाकांवर उलट्या.
खिडकीशी माशांची टाकी आणि काचेवर पांढऱ्या रेघा,
एकीखाली एक,
दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मांडतात तशा,
फक्त ही उंची उतरत गेलेली:
नाताळची सुट्टी, ईस्टर, गोवराच्या साथीचा तो आठवडा.
पाणी उडून जातं,
जाताना दगड ठेवून जातं.

तो गप्पींना बादलीत काढतो. सतरा.
पुन्हा मोजतो. अठरा.
हीटरची वायर उपटून तो गार व्हायची वाट बघतो;
एकदा घाईत काच तडकली होती,
ते पैसे त्याच्या पगारातून गेले.
फिल्टरचा इवला पंखा चिमटीत धरून ओढतो,
पात्यांवर खर, करपलेल्या दुधाच्या खरवडीसारखी.
साबण नाही. साबणाचा थेंबसुद्धा नाही,
नव्या मुख्याध्यापिकेला त्याने हे दोनदा सांगितलंय.
फक्त काकड्या मुरवायचं व्हिनेगर
आणि बायकोचा जुना टूथब्रश.

आंबट थेंब पांढऱ्यावर पडतो
आणि पांढरं कुजबुजायला लागतं.

आता खिशातून काडेपेटी.
आत काडी नाही, खडा आहे,
गेल्या पानगळीत त्याच्याच पोटातून निघालेला,
दोन रात्री फरशीवर लोळवून.
पाण्याला बोल लावू नका, हाय्नाल्का डॉक्टरीण म्हणाल्या होत्या,
तुम्ही पाणी पीतच नाही.
त्याला ते पटलं नव्हतं.
आज बघायला कुणी नाही.
बरणीच्या झाकणात खडा, खड्यावर व्हिनेगर.

हीटर फसफसतो.
नळी फसफसते.
खडा गप्प.

चर्चमध्ये बाराचे टोल पडतात.
खडा तसाच, मोहरीएवढा, तपकिरी, काटेरी,
डोंगराशी काही नातं नसल्यासारखा.
म्हणजे डॉक्टरीणबाई खऱ्या,
आणि चौदा वर्षं रोज शिव्या खाल्ल्या
त्या नळाचा काहीच गुन्हा नव्हता.

तो सगळं तीनदा खळखळून धुतो,
नाकाने हुंगून बघतो, मग टाकी भरतो.
वरच्या कोपऱ्यात, जिथे ब्रश पोचत नाही,
एक रेघ राहिलीच. राहू दे.
बादली तिरकी होते. अठरा शेपट्या घरात शिरतात
आणि काचेशी येऊन
त्याला पाण्यात पाहत राहतात.

खडा पुन्हा काडेपेटीत, लोणच्याचा वास घेऊन.
तळघरात नळ दोन्ही हातांनी पिळून
बेर्तालान उभ्याउभ्या एक ग्लास पितो.
तोंड वाकडं करतो.
आणखी एक भरतो.